कोलेस्टेरॉलची गोळी आणि उतारवयातले दुखणे

आत्याच्या देवघराशेजारच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना त्यात मला गोळ्यांच्या आठ पट्ट्या सापडल्या. प्रत्येकीत पंधरा गोळ्या, एकही फोडलेली नाही. आत्या ७६ वर्षांची आहे आणि तीन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मेडिकलमधून दर महिन्याला औषधे येत होती, चुलतभाऊ बिल चुकते करत होता आणि सगळे ठीक चालले आहे असे घरातल्या प्रत्येकाला वाटत होते. रात्री जेवणानंतरची एक गोळी मात्र तिने चार महिन्यांपूर्वीच बंद केली होती.

मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पिंढऱ्या इतक्या ओढायच्या की रात्री उठून बसायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, ती कोलेस्टेरॉलची गोळी सोडून बघ. सोडली. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना नाही सांगितलं. तुम्हालाही नाही."

असा डबा अनेक घरांत असतो. कुठे तो उशीखाली असतो, कुठे शिवणाच्या मशीनच्या खणात. स्टॅटिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांइतका अभ्यास फार थोड्या औषधांचा झाला असेल, आणि त्यांच्याइतकी कुजबुजही फार थोड्यांबद्दल होत असेल. सांधे धरतात, स्नायू झिजतात, साखर वाढते, विसरायला होते, यकृत बिघडते, या वयात कशाला हव्यात इतक्या गोळ्या, अशी शंकांची यादी लांब आहे. यातल्या काही शंका खऱ्या आहेत, काही खऱ्या पण फार फुगवलेल्या, तर काहींना आधारच नाही. त्या एकेक करून निवडून पाहायला हव्यात. सगळ्या शंका एकाच पिशवीत भरल्या की माणूस एक तर भीतीने गोळी सोडतो, नाही तर भिडेपोटी दुखणे गिळतो. दोन्हींत नुकसान त्याचेच.

तांदळावरच्या बुरशीतून

जपानच्या अकिता भागात शेतकरी कुटुंबात वाढलेले अकिरा एंडो सांक्यो या कंपनीत संशोधक होते. बुरशीला इतर जंतूंशी झुंजावे लागते, तेव्हा त्या जंतूंची कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये बनवण्याची क्रिया रोखणारे काही तरी एखादी बुरशी नक्की तयार करत असेल, असा त्यांचा अंदाज होता. १९७१ पासून त्यांनी सुमारे सहा हजार नमुने तपासले. १९७३ मध्ये क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते द्रव्य मिळाले. त्याच वाटेने पुढे लोव्हास्टॅटिन आले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सिम्व्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही त्याची पुढची भावंडे. एंडो २०२४ मध्ये वयाच्या नव्वदीत गेले.

औषध काम करते ते यकृतात. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपण खातो त्यातून न येता यकृतात तयार होते. गोळी तिथले एक विकर अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, म्हणून ते आपल्या पेशींवर जास्त ग्राहके उभी करते आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेते. ही ग्राहके शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन रक्त पातळ करत नाही, हे इथेच सांगितलेले बरे. ते काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा औषधांचे. आपल्याकडे ही तिन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. त्यामुळे आपण स्टॅटिन घेतो हेच पुष्कळ ज्येष्ठांना ठाऊक नसते, आणि ते बंद करायला जाताना आपण स्टेंटला जपणारे औषधही बंद करतो आहोत याची कल्पना नसते.

फायदा किती, कोणाला

दुष्परिणामांचे वजन करायचे तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आधी पाहावे लागते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांतल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. साधारण साडेपाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्या गटात २५६ मृत्यू झाले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२. तोवर कोलेस्टेरॉल उतरवून माणसे खरोखर जगतात का, यावर वाद होता. तो वाद हृदयरुग्णांपुरता तरी त्या आकड्यांनी मिटवला.

पण त्या चाचणीत सत्तरीच्या पुढचे कोणी नव्हते. खास वृद्धांसाठी पहिली मोठी चाचणी स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये झाली. तिचे नाव प्रॉस्पर, निष्कर्ष २००२ चे. ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ जणांना साधारण तीन वर्षे प्रव्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली गेली. हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात असे काही झालेल्यांचे प्रमाण १६.२ टक्क्यांवरून १४.१ टक्क्यांवर आले. शंभरातले दोघे वाचले, तेही तीनच वर्षांत. हे प्रमाण डोळे दिपवणारे नाही, पण पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस ज्यांनी घरात सांभाळला आहे, त्यांना या दोघांचे मोल वेगळे सांगायला नको.

२०१९ मध्ये २८ चाचण्यांतल्या १,८६,८५४ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात पंचाहत्तरीच्या पुढचे १४,४८३ होते. एलडीएल दर डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅमने उतरले की मोठे झटके आणि पक्षाघात एकूणात पंचमांशाने कमी होतात, असे दिसले. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला आहे, त्यांना हा लाभ कुठल्याही वयात होतो. ज्यांना असे काहीच झालेले नाही आणि वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, त्यांच्यासाठीचा पुरावा मात्र पातळ आहे. या दोन माणसांना एकच सल्ला देता येत नाही. पुढचे सगळे वाचताना हा भेद मनात ठेवावा.

पिंढऱ्या, मांड्या, जिना

सर्वांत मोठी तक्रार स्नायूंची. पाय भरून येतात, मांड्यांत त्राण राहत नाही, जिना चढवत नाही, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. ही तक्रार निराधार नाही. स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होऊ शकते, आणि फार क्वचित ती गंभीर असते. स्नायू विरघळू लागतात, लघवी चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध २००१ च्या ऑगस्टमध्ये याच कारणाने बाजारातून काढून घ्यावे लागले. तोवर अशा ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यातल्या अनेकांत ते औषध जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधासोबत दिले गेले होते. आज वापरात असलेल्या स्टॅटिन औषधांत हा धोका फार विरळ आहे. दहा हजार जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तर गंभीर स्नायूविकार साधारण पाच जणांना होतो. त्याहून विरळ असा आणखी एक प्रकार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते आणि गोळी थांबवली तरी अशक्तपणा वाढत जातो. त्यावर वेगळे उपचार लागतात, म्हणून तो ओळखता आला पाहिजे.

पण आत्यासारख्यांची तक्रार या टोकाची नसते. ती रोजच्या ठणक्याची असते. त्या ठणक्यातला गोळीचा वाटा किती?

२०२२ मध्ये या प्रश्नाचा सर्वांत मोठा हिशोब मांडला गेला. १९ चाचण्या आणि १,२३,९४० माणसे. कोण खरी गोळी घेतो आणि कोण खोटी, हे ना रुग्णाला माहीत होते ना डॉक्टरला. स्नायूदुखी किंवा अशक्तपणाची तक्रार खऱ्या गोळीच्या गटात २७.१ टक्के जणांनी केली, खोट्या गोळीच्या गटात २६.६ टक्के जणांनी. पहिल्या वर्षात हजारी ११ तक्रारी जादा होत्या, त्यानंतर फरक जवळजवळ उरला नाही. म्हणजे पहिल्या वर्षी स्टॅटिन घेणाऱ्या ज्या पंधरा जणांचे स्नायू दुखले, त्यांतल्या एकाचे गोळीमुळे आणि चौदा जणांचे दुसऱ्याच कशामुळे दुखत होते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग बाकीच्यांचे सगळे मनाचे खेळ. असे म्हणणे चुकीचे आहे आणि निष्ठुरपणाचेही. खोट्या गोळीच्या गटातल्या चौथाई लोकांचेही स्नायू दुखतच होते. उतारवयात स्नायू दुखण्याची कारणे थोडी नाहीत. मंदावलेले थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कंबरेतली दबलेली नस, गुडघ्यांची झीज, पायाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा, आणि वयाबरोबर आपोआप घटणारे स्नायू. गोळीवर बोट ठेवून आपण मोकळे झालो की खरे कारण तसेच राहते. मंद थायरॉइडमुळे कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रासही. म्हणून पाय दुखणाऱ्या रुग्णाची थायरॉइडची तपासणी आधी झालेली बरी.

बारा बाटल्यांचा प्रयोग

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये झालेला एक छोटा प्रयोग मला या सगळ्या वादातला सर्वांत बोलका वाटतो. त्यात साठच माणसे होती. सगळ्यांनी स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास होतो म्हणून सोडलेले. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत अटोर्व्हास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार रिकाम्या. महिन्यांचा क्रम कसाही. प्रत्येकाने रोज आपल्या फोनवर त्या दिवसाच्या त्रासाला शून्य ते शंभरमधला आकडा द्यायचा.

रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८ होता. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४.

गोळी घेतल्याने त्रास दुप्पट झाला हे खरे होते. तो मोजला गेला, फोनमध्ये रोज नोंदवला गेला. पण त्यातला नव्वद टक्के त्रास गोळीत औषध नसतानाही होत होता. गोळी थांबवल्यावर बरे वाटणेही दोन्हींत सारखेच. त्रास होईल या धास्तीने शरीर खरोखर दुखते. त्याला वैद्यकात नोसिबो म्हणतात. प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवले, आणि निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्यांना कोणी दटावले नव्हते, कोणी खोटे ठरवले नव्हते. त्यांच्याच दुखण्याची वही त्यांच्यापुढे ठेवली होती. ज्येष्ठांशी बोलण्याची ही रीत आपल्या दवाखान्यांनी आणि घरांनीही शिकावी.

धास्ती पसरते कशी, याचाही दाखला आहे. २०१३ मध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्टॅटिनचे दुष्परिणाम १८ ते २० टक्के जणांना होतात असे छापून आले. मूळ अभ्यासातून तसा निष्कर्ष निघत नव्हता, म्हणून पुढल्या वर्षी ते विधान मागे घ्यावे लागले. पण दरम्यान वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवर वाद गाजला होता. नंतरच्या एका पाहणीचा अंदाज असा की त्या गाजावाजानंतरच्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी गोळी सोडली. दुरुस्ती त्यांतल्या किती जणांपर्यंत पोचली असेल? आपल्याकडे तर हे काम व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते, आणि तिथे दुरुस्ती छापायची पद्धतच नाही.

साखर, स्मरणशक्ती, यकृत

साखरेची शंका खरी आहे. २०१० मध्ये १३ चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेहाचे नवे निदान ९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह, असा तो हिशोब. २०२४ च्या आणखी मोठ्या तपासणीत कमी आणि मध्यम मात्रेत ही वाढ १० टक्के, तर मोठ्या मात्रेत ३६ टक्के निघाली. वाढीचा मोठा भाग ज्यांची साखर आधीच उंबरठ्यावर होती त्यांच्यात आहे. गोळीने साखर थोडीशीच वर सरकते, आणि जो कडेला उभा होता तो रेषेपलीकडे जातो. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याने या कारणासाठी गोळी सोडणे तोट्याचे ठरेल, कारण मधुमेही माणसाला तर हृदयाच्या संरक्षणाची गरज जास्तच असते. पण मधुमेह उंबरठ्यावर असलेल्या ज्येष्ठाला हे आधी सांगायला हवे आणि त्याची साखर वर्षातून एकदा तरी तपासायला हवी.

स्मरणशक्तीची शंका सर्वांत जास्त भिववते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये गोळीच्या माहितीपत्रकात क्वचित होणाऱ्या विसराळूपणाचा उल्लेख घालायला लावला. तो गंभीर नसतो आणि गोळी थांबवल्यावर जातो, असेही त्यात म्हटले होते. चाचण्यांत मात्र असा फरक दिसलेला नाही. प्रॉस्परमध्ये सत्तरीच्या पुढच्यांची स्मरणशक्ती पुनःपुन्हा तपासली गेली, दोन्ही गटांची घसरण सारखीच होती. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १८,८४६ ज्येष्ठांच्या माहितीतही, २०२१ मध्ये, स्टॅटिनचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध आढळला नाही. पक्षाघाताचे छोटे छोटे तडाखे हे स्मृतिभ्रंशाचे एक मोठे कारण आहे, आणि गोळी ते टाळायला मदत करते, हेही ध्यानात घ्यावे.

यकृताचे थोडक्यात सांगता येते. सुरुवातीला रक्तातली काही विकरे थोडी वाढतात आणि बहुधा आपोआप खाली येतात. गंभीर इजा इतकी विरळ की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच नियमित तपासणीची अट काढून टाकली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि काही लक्षण दिसले तर पुन्हा, इतके पुरते.

मेंदूतल्या रक्तस्रावाची नोंद मात्र घ्यायला हवी. पूर्वी पक्षाघात झालेल्यांना अटोर्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची मोठी मात्रा दिलेल्या एका चाचणीत रक्तस्रावाचे झटके ३३ वरून ५५ वर गेले होते. एकूण पक्षाघात तरीही कमीच झाले. ज्याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला आहे त्याच्या बाबतीत निर्णय मेंदूविकारतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा.

उतारवयाचे गणित वेगळे

ज्येष्ठांचे शरीर चाळिशीतल्या माणसाची म्हातारी आवृत्ती नसते. वजन उतरलेले असते, मूत्रपिंडे मंदावलेली असतात आणि डब्यात सात-आठ औषधे असतात. स्टॅटिनचा खरा त्रास होतो तो बहुतेकदा या दुसऱ्या औषधांच्या संगतीत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, इट्राकोनाझोल हे नायट्यासाठी सर्रास दिले जाणारे बुरशीनाशक, रक्तदाबाची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही औषधे सिम्व्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिनचा निचरा अडवतात. रक्तातली मात्रा गुपचूप वाढते. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातले फळही तेच करते. हे आपले नाशिकचे द्राक्ष नव्हे, ते खुशाल खावे.

आत्याच्या बाबतीत हेच झाले असावे. डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी आधी तिचे सगळे ऐकून घेतले, मग तिची फाईल पान न पान उलटली. शेवटच्या पानाआड दुसऱ्याच एका दवाखान्यातली चिठ्ठी निघाली. खोकला हटत नाही म्हणून दहा दिवसांचे क्लॅरिथ्रोमायसिन. तारीख पिंढऱ्या ओढायला लागण्याच्या चार दिवस आधीची. चिठ्ठी लिहिणाऱ्याला ती अटोर्व्हास्टॅटिन ४० घेते हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. प्रतिजैविक संपल्यावर काही दिवसांत पाय शांत होणारच होते. पण तोवर गोळी गुन्हेगार ठरली होती.

आपल्या वंशाच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. सिंगापूरमध्ये झालेल्या एका अभ्यासात रोसुव्हास्टॅटिनची तीच मात्रा दिल्यावर भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात ते गोऱ्या लोकांच्या दीडपटीहून अधिक आढळले. आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, अशी सूचना अमेरिकेतल्या माहितीपत्रकात २००५ पासून आहे. किरकोळ अंगाच्या सत्तरीतल्या बाईला एकदम मोठी मात्रा लिहिताना याचा विचार व्हावा.

आणि मात्रा कमी केल्याने फारसे गमवावे लागत नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. बहुतेक काम पहिल्या छोट्या गोळीनेच केलेले असते. कमी मात्रेला एझेटिमाइब या दुसऱ्या औषधाची जोड दिली तर परिणाम मोठ्या मात्रेइतका राहतो. कोरियातल्या ३,७८० रुग्णांवरच्या चाचणीत २०२२ मध्ये हेच दिसले, आणि त्रासामुळे औषध सोडणारे किंवा कमी करणारे ८.२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले. स्टॅटिन खरोखरच सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आहे. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत अशाच रुग्णांत त्याने मोठे झटके १३ टक्क्यांनी कमी केले. मात्र त्यात गाउट हा संधिवात आणि पित्तखडे यांचे प्रमाण थोडे वाढले.

पंचाहत्तरीनंतर नव्याने सुरू करावी का

इथे ठाम उत्तर देण्याचा मोह टाळायला हवा. ज्याला कधी झटका आला नाही, पक्षाघात झाला नाही, त्याला ७८ व्या वर्षी फक्त रिपोर्टमधला आकडा लाल दिसतो म्हणून गोळी सुरू करावी का? एका जुन्या अमेरिकी चाचणीतल्या ज्येष्ठांची माहिती २०१७ मध्ये नव्याने तपासली, तेव्हा या गटाला प्रव्हास्टॅटिनचा फायदा दिसला नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या आणि अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढच्या, हृदयविकार नसलेल्या हजारो ज्येष्ठांवर दोन स्वतंत्र चाचण्या आखल्या गेल्या. त्यांत मोजायचे आहे ते केवळ झटके नव्हेत. माणूस किती वर्षे स्मृतिभ्रंशाशिवाय, अपंगत्वाशिवाय, स्वतःच्या पायांवर जगतो, हे त्यांचे माप आहे. ज्येष्ठांच्या औषधाला हेच माप लावायला हवे.

तोवर निर्णय माणूस पाहून घ्यायचा. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान असेल आणि प्रकृती ठणठणीत असेल तर छोट्या मात्रेने सुरुवात करण्यात अर्थ आहे. वारंवार तोल जाणारा, वजन घटत चाललेला, दहा औषधे घेणारा माणूस असेल तर न सुरू करणे हाही विचारपूर्वक उपचार आहे.

सोडायची वेळ

वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी केवळ वय झाले म्हणून सोडणे वेगळे. फ्रान्समध्ये वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या, हृदयविकार नसलेल्या आणि नियमित स्टॅटिन घेणाऱ्या १,२०,१७३ जणांची माहिती २०१९ मध्ये तपासली गेली. ज्यांनी गोळी सोडली त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने रुग्णालयात जाण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांनी जास्त होते. ही चाचणी नव्हे, निरीक्षण आहे. आजारी पडू लागलेली माणसेच आधी गोळ्या सोडतात, हेही खरे. तरी इशारा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात मात्र गोष्ट पालटते. ज्यांचे आयुष्य वर्षभराहून कमी उरले आहे अशा ३८१ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. २०१५ च्या तिच्या निष्कर्षांनुसार गोळी थांबवल्याने मृत्यूचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही, उलट जगण्याची प्रत थोडी सुधारली. कर्करोगाच्या अखेरच्या महिन्यांत, घास गिळणे कठीण झालेल्या आजीच्या तोंडात कोलेस्टेरॉलची गोळी कोंबण्याची गरज नाही. घरच्यांनी डॉक्टरांना हे आपणहून विचारावे. तसे विचारणे म्हणजे सेवेत कसूर करणे नव्हे.

घराघरांत करण्यासारखे

या सगळ्या पुराव्याचा निष्कर्ष मी असा काढतो. झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या ज्येष्ठाला ही गोळी कोणत्याही वयात उपयोगाची आहे आणि तिचे धोके फायद्यापुढे लहान आहेत. दहा हजार हृदयरुग्णांनी पाच वर्षे गोळी घेतली तर सुमारे हजार जणांचा मोठा झटका किंवा पक्षाघात टळतो. पाच जणांना गंभीर स्नायूविकार होतो, पन्नास ते शंभर जणांना मधुमेह, पाच ते दहा जणांना मेंदूतला रक्तस्राव. हे आकडे रुग्णाला खोलीत बसवून सांगण्यासारखे आहेत. सांगितले तर तो समजूनही घेतो.

दुखत असेल तर काय करायचे, तेही अवघड नाही. केव्हापासून, कुठे, किती दुखते हे वहीत लिहावे. त्या सुमारास आणखी कोणते औषध सुरू झाले होते ते पाहावे. सगळ्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि स्नायूंची सीके ही तपासणी करून घ्यावी. गरज वाटली तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवतील, मग कमी मात्रेने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करतील. बहुतेकांना या वाटेने कोणती ना कोणती गोळी सोसते. लघवी गडद झाली, ताप आणि अशक्तपणा आला, हात वर करणे किंवा खुर्चीतून उठणे अशक्य झाले, तर मात्र थांबू नये. गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. "काही नाही, वयामुळे होतंय" हे वाक्य त्यांनी तपासणीनंतर उच्चारावे, तपासणीऐवजी नको. ज्याचे दुखणे ऐकले जात नाही, तो वाद घालत बसत नाही, गोळ्या डब्यात टाकतो.

आत्या आता अटोर्व्हास्टॅटिन १० आणि एझेटिमाइब घेते. पाय पूर्वीसारखे ओढत नाहीत. गुडघे दुखतात, त्याला ती गुडघेदुखीच म्हणते. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात सगळ्या औषधांची यादी आहे आणि कुठल्याही दवाखान्यात गेली की ती आधी ते पान पुढे करते.

आपल्या घरातल्या ज्येष्ठांना आज एकदा विचारा, "रात्रीची गोळी घेता ना?" "नाही" असे उत्तर आले तर रागावू नका. का घेत नाही ते शांतपणे ऐका आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.